कोरोना होऊन गेला, लसही झाली, तरी नव्या व्हेरियंटची भीती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझे नाहीत. लातूर, बीड, परभणी, नांदेड, धाराशिव इकडून व्हॉट्सॲपवर आलेले आहेत. काही दवाखान्यात विचारलेले आहेत, तेही औषधाची चिठ्ठी घेऊन निघालेल्या माणसानं दारातून मागं फिरून. बातम्यांत नवा व्हेरियंट आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवले. सारखे प्रश्न एकात घातलेत. उत्तरात दुसरा क्रमांक दिसला तर तिकडं जाऊन वाचा. वाचताना ‘लागण होणं’ आणि ‘ॲडमिट व्हावं लागणं’ या दोन गोष्टी वेगळ्या धरा. निम्मा गोंधळ तिथंच आहे.

१. प्रतिकारशक्ती म्हणजे अँटिबॉडीच ना? त्या उतरल्या की सगळं संपलं का?

अँटिबॉडी हा प्रतिकारशक्तीचा एक भाग आहे. ही रक्तात फिरणारी प्रथिनं विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. लस घेतल्यावर किंवा आजारातून उठल्यावर त्या भरपूर असतात, मग काही महिन्यांत उतरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आजवर झालेल्या प्रत्येक सर्दी-तापाच्या अँटिबॉडी तशाच भरलेल्या राहिल्या असत्या तर रक्ताचा पाक झाला असता.

मागं राहतात त्या स्मृतिपेशी, आणि त्या दोन जातीच्या असतात. बी-पेशी गरज पडली की पुन्हा अँटिबॉडी बनवतात. टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात. २००३ साली सार्स (कोरोनाच्याच घराण्यातल्या विषाणूचा आजार) झालेल्या माणसांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या होत्या.

या स्मृतिपेशींना जागं व्हायला तीन ते पाच दिवस लागतात. ओमिक्रॉन, म्हणजे २०२१ च्या अखेरीस आलेलं कोरोनाचं रूप, तीनेक दिवसांतच घसा धरतो. म्हणजे अँटिबॉडी उतरलेल्या असतील तर ताप-खोकला येऊन जातो. पण विषाणूला फुफ्फुसात खोलवर पोचायला आणखी दिवस लागतात, आणि तोवर या पेशी कामाला लागलेल्या असतात. पुढची बरीच उत्तरं याच हिशेबावर उभी आहेत.

२. व्हेरियंट म्हणजे नवा रोग का? दर वेळी नाव बदलतं म्हणून विचारते.

रोग तोच, विषाणूच्या अंगात बदल. विषाणू आपली नक्कल काढताना चुका करतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी त्याला पसरायला किंवा अँटिबॉडीला चकवायला उपयोगी पडली तर ती रूपं टिकतात. विषाणूवरचे काटे, म्हणजे स्पाइक प्रथिन, १,२७३ अमिनो आम्लांचं बनलेलं आहे. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल होते आणि त्यातले पुष्कळ नेमके अँटिबॉडी जिथं चिकटतात त्या जागी. टी-पेशी मात्र विषाणूच्या अनेक भागांचे तुकडे ओळखतात, आणि बहुतेक तुकडे तसेच राहिले. त्यामुळं ओमिक्रॉननं लागणीची अडचण पार केली, पण गंभीर आजाराविरुद्धचं संरक्षण बऱ्यापैकी टिकलं.

नावांचं म्हणाल तर ग्रीक अक्षरं ३१ मे २०२१ पासून आली. देशाच्या नावानं विषाणूला हाक मारू नये म्हणून. जेएन.१, एलएफ.७, एनबी.१.८.१ ही सगळी ओमिक्रॉनचीच भावकी. जेएन.१ आपल्या देशात डिसेंबर २०२३ मध्ये केरळात दिसला. मे २०२५ मध्ये रुग्ण वाढले तेव्हाची रूपं त्याच घरातली होती.

३. मला कोरोना होऊन गेलाय, तोही २०२१ चा जोरदार. मग लस कशाला घेतली असती?

आजार हाही एक धडाच, हे मी नाकारत नाही. सुरुवातीला काही लोक ‘आजारानं आलेली शक्ती मोजायचीच नाही’ असं बोलत, ते चूक होतं. उलट आजारात शरीराला पूर्ण विषाणू दिसतो आणि नाका-घशाच्या आतल्या अस्तरातही अँटिबॉडी तयार होतात. दंडातल्या इंजेक्शननं तिथं फारशा होत नाहीत.

पण तो धडा प्रत्येकाला सारखा मिळत नाही. एखाद्याला नुसती सर्दी झाली तर शरीर कमी शिकतं. आणि तो घेताना काय मोजावं लागलं, हे एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरमागं रात्र काढलेल्यांना मी सांगायची गरज नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०२३ मध्ये निघाला. बारा महिन्यांनी नुसत्या आजाराचं गंभीर आजाराविरुद्ध संरक्षण साधारण ७५ टक्के होतं. आजार आणि लस दोन्ही झालेल्यांचं ९७ टक्क्यांच्या आसपास. पुन्हा लागण होण्याविरुद्ध मात्र दोन्ही गट कमी पडतात: सुमारे २५ आणि ४२ टक्के. हे आकडे नीट पाहा, पुढच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

४. दोन डोस, तिसराही घेतला. तरी घरातल्या सगळ्यांना झाला. मग लसीचा काय उपयोग?

हा सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न. बऱ्याचदा रागानं विचारलेला, आणि राग समजण्यासारखा आहे. लसीकडून ‘होणारच नाही’ अशी अपेक्षा लावली गेली, आणि ती लावण्यात आमच्या डॉक्टर मंडळींचाही हात होता.

डेल्टाच्या, म्हणजे २०२१ च्या दुसऱ्या लाटेतल्या रूपाच्या, काळातले इंग्लंडचे आकडे घ्या. कोविशिल्डचीच लस, तिथं दुसऱ्या नावानं. एका डोसनं लक्षणं असलेल्या आजाराविरुद्ध जेमतेम ३० टक्के संरक्षण, दोन डोसनं ६७ टक्के. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत एकूण ७७.८ टक्के आणि डेल्टाविरुद्ध ६५.२ टक्के. म्हणजे डेल्टातसुद्धा तीनातला एक फटका आत येत होता. ओमिक्रॉननंतर हे आणखी उतरलं. तुमच्या घरी सगळ्यांना झाला आणि सगळे घरीच गोळ्या खाऊन उठले असतील, तर लसीनं आपलं काम केलं. ते दिसत नाही, कारण जे घडलं नाही ते मोजता येत नाही.

५. आधी लस मग आजार, की आधी आजार मग लस? कोणतं चांगलं?

शरीरात तयार होणाऱ्या शक्तीत मोठा फरक सापडत नाही. दोन्हींची मिळून जी शक्ती येते तिला ‘हायब्रिड’ म्हणतात. संकरित बियाणाचा शब्द आपल्या तोंडी आहेच, तसंच. फरक आहे तो धोक्यात: आधी लस झालेला माणूस पहिली लागण भरल्या हातानं सोसतो.

एक अपवाद सांगण्यासारखा आहे. लस अजिबात न घेतलेल्यांना फक्त ओमिक्रॉन झाला, तेव्हा त्यांच्या अँटिबॉडी ओमिक्रॉनपुरत्याच निघाल्या. दुसऱ्या रूपांवर त्या फारशा चालत नव्हत्या. लस घेतलेल्याला तोच ओमिक्रॉन झाला तर पल्ला रुंद होतो. म्हणून ‘सौम्य आहे, होऊन जाऊ द्या, तीच लस’ हा जानेवारी २०२२ मधला पारावरचा सल्ला शास्त्राच्या बाजूनंही कच्चाच होता.

६. कोविशिल्ड बरी की कोव्हॅक्सिन? नव्या व्हेरियंटला कोणती चालते?

दोन्ही साथीच्या सुरुवातीच्या रूपांवर बनलेल्या. कोविशिल्डमध्ये चिंपांझीचा एक निरुपद्रवी केलेला विषाणू फक्त स्पाइकची कृती घेऊन येतो. कोव्हॅक्सिनमध्ये पूर्ण कोरोना विषाणू मारून घातलेला असतो, म्हणून शरीराला स्पाइकबरोबर आतली प्रथिनंही दिसतात. अँटिबॉडी कोविशिल्डच्या सहसा जास्त येत. आज मात्र हा वाद मला शिळ्या कढीसारखा वाटतो. तेव्हापासून आपल्या बहुतेकांना एकदा-दोनदा ओमिक्रॉन होऊन गेलाय, आणि मूळ लस कोणती होती याचा फरक त्यात बुजून गेलाय.

७. गोवर एकदा झाला की परत होत नाही. कांजिण्याही नाहीत. मग कोरोनाच कसा परत परत?

तुमच्याकडं जनावरं असतील तर उत्तर गोठ्यात आहे. लाळ-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत दर सहा महिन्यांनी टोचतात. बैलाच्या कानात पिवळा बिल्ला, हातात बर्फाचा डबा घेतलेला टोचणारा, आणि दाव्याला ओढ घेणारं वासरू. हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या लसीत ओ, ए आणि आशिया-१ अशा तीन प्रकारांचा माल असतो, कारण ‘ओ’ होऊन गेलेल्या बैलाला ‘ए’ पासून संरक्षण नाही. आणि शक्ती लवकर उतरते म्हणून वर्षातून दोनदा. ‘गेल्या पावसाळ्यात टोचलं होतं की’ असं त्या टोचणाऱ्याशी कुणी भांडत नाही. माणसाच्या लसीबाबत मात्र भांडतो.

गोवराचा विषाणू एकाच प्रकारचा आहे. त्याच्या बाहेरच्या प्रथिनांत फार बदल झाला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीच्या रूपावर बनलेली लस आजही चालते. दुसरं असं की गोवर अंगावर यायला दहा-बारा दिवस घेतो, रक्तातून फिरून येतो. तेवढ्यात स्मृतिपेशी जाग्या होऊन त्याला वाटेतच गाठतात. कोरोना तेवढी सवड देत नाही, प्रश्न १ पाहा. फ्लूचंही तसंच.

८. आम्ही ऊसतोडीला, कोयत्यावर होतो. पहिला डोस दसऱ्याआधी गावात, दुसरा थेट टोळी परत आल्यावर. पहिला वाया गेला का?

बीड जिल्ह्यातल्या एका जोडप्यानं काच फुटलेल्या मोबाइलवर दोन मेसेज दाखवत हे विचारलं होतं. पहिला मेसेज सप्टेंबरचा, दुसरा एप्रिलचा. मुकादम म्हणाला होता, आता पहिल्यापासून सुरू करावं लागतंय.

तसं काही नसतं. उशिरा घेतलेला दुसरा डोस पहिल्याच्याच खात्यात जमा होतो. कोविशिल्डबाबत तर उलटंच दिसलं. मूळ चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत ५५ टक्के संरक्षण, बारा आठवडे किंवा जास्त थांबलेल्यांत ८१ टक्के. पंचेचाळीस आठवड्यांनी दुसरा डोस घेतलेल्यांतही अँटिबॉडी चांगल्या चढल्या. आपल्याकडं मे २०२१ मध्ये अंतर १२ ते १६ आठवडे केलं, तेव्हा ‘लस कमी पडली म्हणून वाढवलं’ असं सगळे म्हणाले. तुटवडा खराच होता. पण मधल्या काळात बी-पेशी लसिका ग्रंथींत घासून-पुसून तयार होतात, हेही खरं.

तोटा होतो तो मधल्या महिन्यांत. एका डोसचं डेल्टाविरुद्धचं संरक्षण किती तोकडं होतं ते प्रश्न ४ मध्ये आहे. आणि ते महिने फडावर पालात, पंधरा-वीस कोपींच्या दाटीत जातात.

९. आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना होऊन गेला होता म्हणे. मग लाट पुन्हा कशी आली?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी रक्तपाहणीत महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते, आणि त्यातले तीन आपले: बीड, परभणी, नांदेड. देशाचा आकडा असा चढला. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत अँटिबॉडी सापडलेले प्रौढ एक टक्काही नव्हते, ०.७३. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्के, म्हणजे तीनातले दोन. तेव्हा खूप जणांनी ‘आता कळपाची शक्ती आली’ म्हणून टाळ्या वाजवल्या. सहाच महिन्यांनी ओमिक्रॉन गावोगाव फिरला. अँटिबॉडी अंगात होत्या, पण जुन्या रूपाच्या आणि उतरत चाललेल्या. तरी त्या वेळी ऑक्सिजनची तशी रांग लागली नाही. पहिलं झालं ते विषाणूच्या बदलामुळं, दुसरं बऱ्याच अंशी त्या ६७.६ टक्क्यांमुळं आणि नंतरच्या डोसांमुळं.

१०. विषाणू हळूहळू सौम्यच होत जातो ना? ओमिक्रॉन तर सर्दीच होती.

विषाणूनं तसा शब्द दिलेला नाही. डेल्टा हा आधीच्या रूपांपेक्षा कडक निघाला. ओमिक्रॉन फुफ्फुसापेक्षा वरच्या श्वासमार्गात जास्त वाढतो, हे खरं. पण २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये त्यानंच मोठ्या संख्येनं वृद्ध माणसं नेली. तिथल्या म्हाताऱ्यांत लस न घेतलेले पुष्कळ होते आणि आधीच्या लाटाही त्यांनी पाहिल्या नव्हत्या. विषाणू जवळपास तोच, समोरची माणसं कोरी.

११. अँटिबॉडी टेस्ट केली. आकडा किती आला तर निर्धास्त?

रिपोर्टचा फोटो पाठवून विचारतात. कधी २५०, कधी हजाराच्या वर. कुठलाच आकडा ‘पुरे’ म्हणून ठरलेला नाही. एका किटचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय ही तपासणी बहुधा जुन्या रूपाच्या स्पाइकला चिकटणाऱ्या अँटिबॉडी मोजते. त्या आजच्या रूपाला अडवतील का, ते तिला कळत नाही. स्मृतिपेशी तर त्यात येतच नाहीत.

आणखी एक गंमत. काही किट विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाच्या अँटिबॉडी पाहतात. फक्त कोविशिल्ड घेतलेल्यात त्या सापडल्या तर आजार होऊन गेला असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिन घेतलेल्यात तसं म्हणता येत नाही, का ते प्रश्न ६ मध्ये. माझं मत विचाराल तर हे पैसे शुगर आणि बीपी तपासण्यात घाला.

१२. जुन्या लसीमुळं शरीर जुन्याच रूपाला चिकटून बसतं आणि नवं शिकत नाही, असं वाचलं. खरं का?

थोडं खरं. ही कल्पना फ्लूवर काम करणाऱ्या थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये मांडली. शरीराला पहिली भेट लक्षात राहते, आणि पुढं तशाच दिसणाऱ्या विषाणूवर ते आधी जुन्याच पेशी धाडतं. सासरी आलेली सून वर्षभर माहेरच्याच चवीची आमटी करते, तसं काहीसं.

पण याचा नेहमी तोटाच होतो असं नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूत म्हातारी माणसं तुलनेनं वाचली. १९५७ च्या आधी फिरणारा त्याचा जुना भाऊबंद त्यांनी लहानपणी पाहिलेला होता. कोरोनातही जुन्या आठवणीतल्या काही अँटिबॉडी सगळ्या रूपांतल्या समान जागांवर चालतात. ओमिक्रॉनशी एकापेक्षा जास्त वेळा गाठ पडली की शरीर नव्या रूपाकडंही वळतं. म्हणूनच मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटानं नव्या लसींतून मूळ रूप काढून टाकायला सांगितलं. पुण्यात बनलेली ओमिक्रॉनवरची एमआरएनए लसही (स्पाइकची नुसती कृती टोचणारी) त्याच वर्षी आली.

१३. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट असतो. कोरोनाच्या जुन्या अँटिबॉडीनं तसंच होईल का?

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाच्या अर्धवट चिकटणाऱ्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला पेशीत शिरायला मदत करतात, म्हणून दुसरी खेप जड जाऊ शकते. कोरोनात ही भीती पहिल्या दिवसापासून होती आणि त्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं गेलं. कोट्यवधी लस घेतलेल्यांत आणि पुन्हा लागण झालेल्यांत तसं दिसलं नाही. प्रश्न ३ चे आकडे उलटीच दिशा दाखवतात.

१४. वडिलांचं डायलिसिस चालू आहे. भावाचं मूत्रपिंड बदललंय. त्यांना हे सगळं लागू होतं का?

नाही, आणि या पानावरचा हा सगळ्यांत महत्त्वाचा अपवाद. मूत्रपिंड बदललेल्यांच्या गोळ्या, कॅन्सरची काही औषधं, जास्त दिवसांचं स्टेरॉइड यांनी शिकण्याची ताकदच दबलेली असते. रिटुक्सिमॅबसारखं औषध तर बी-पेशी पुसून टाकतं. तेव्हा डोस घेऊनही अँटिबॉडी बनत नाहीत, टी-पेशी मात्र काही प्रमाणात शिकतात. डायलिसिसवाल्यांत शक्ती येते, पण कमी आणि लवकर उतरणारी. अशा माणसाच्या अंगात विषाणू कधीकधी महिनोन्‌महिने राहतो आणि तिथं त्यालाच बदलायला वेळ मिळतो. यांच्यासाठी आधीच्या डोसांवर विसंबू नका. ताप आला की पहिल्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. पुढचा डोस कधी, औषधाच्या कोणत्या फेरीनंतर, हे तेच ठरवतील. आणि घरातल्या धडधाकट माणसांनी खोकला असेल तर त्या खोलीत मास्क लावा.

१५. सून गरोदर आहे. लस आईला दिली तर लेकराला शक्ती जाते का?

जाते. अँटिबॉडी नाळेतून उतरतात आणि जन्मानंतर पहिले काही महिने लेकराला सांभाळतात. आपल्याकडं गरोदर बायकांना जुलै २०२१ पासून परवानगी आहे. स्मृतिपेशी मात्र जात नाहीत, त्या लेकराला स्वतःच कमवाव्या लागतात.

१६. लग्नात एका पंगतीला जेवलो. घरातल्या चौघांना झाला, मला काहीच नाही. माझ्या अंगात वेगळी शक्ती आहे का?

असूही शकते. एचएलए-बी*१५:०१ नावाचा जनुकाचा एक प्रकार अंगात असलेल्यांत लागण होऊनही काहीच लक्षणं न येण्याचं प्रमाण जास्त आढळलं. त्यांच्या टी-पेशी साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंवर आधीच तयार झालेल्या असाव्यात. पण त्याआधी साधी कारणं तपासा. तुम्ही चाचणी केली होती का? बहुतेकांनी केलेली नसते. दोन-तीन महिन्यांपूर्वी ‘वातावरण बदललं’ म्हणून अंगावर काढलेला ताप आठवतो का? तसं असेल तर तुमच्या अँटिबॉडी त्या दिवशी अजून वर होत्या. आणि तुम्ही मांडवाच्या उघड्या बाजूला, कूलरच्या तोंडाशी बसला होतात का, तेही घरी विचारून बघा.